माझ्या जागी आलेला टकटक्या

मी एक जुना पंप आहे. रस्त्याच्या कडेला पेट्रोल विकतात तो नव्हे. मोटारीच्या इंजिनाला चिकटून बसणारा, मुठीएवढा, डोक्यावर काचेची वाटी मिरवणारा. गाडीच्या मागच्या टाकीतले पेट्रोल ओढून घ्यायचे आणि पुढे कार्बोरेटरच्या स्वाधीन करायचे, हे माझे काम. कार्बोरेटर त्यात हवा मिसळतो, इंजिन ते मिश्रण पिते आणि गाडी धावते. मित्रांनो, एवढे ध्यानात ठेवलेत की पुढचे सारे कळेल. आता सरळ बसा आणि माझे बोलणे संपेपर्यंत मध्ये बोलू नका.

आरंभीच एक कबुली देतो. माझा स्वभाव मत्सरी आहे. गाडी पाहायला आलेली माणसे हॉर्नचे कौतुक करत, स्टिअरिंगवर हात फिरवत, दिव्यांच्या चकाकत्या कड्यांत आपले तोंड पाहत. बॉनेट उघडून माझी विचारपूस करणारा विरळाच. कार्बोरेटरची तर निराळीच मिजास. गाडी छान पळाली की श्रेय त्याचे, आणि बंद पडली की पहिला संशय माझ्यावर. त्याला घास भरवणारा मी, हे कोणी बोलून दाखवत नसे. मी ते मनात ठेवत असे.

माझा जन्म एकोणीसशे एकाहत्तर सालचा. ओतीव धातूचे शरीर, बाजूला एक पोलादी दांडी आणि पोटात रबर चढवलेल्या कापडाचा गोल पडदा. इंजिन फिरले की ते माझी दांडी ढकले, पडदा खाली जाई आणि पेट्रोल ओढून घेई. दांडी सुटली की पडदा वर येई आणि पेट्रोल पुढे लोटी. मिनिटाला हजारदा हे चाले. इंजिन थांबले की मीही थांबे. माझे सारे चलनवलन त्याच्या श्वासावर होते, आणि या जवळिकीचा मला मोठा अभिमान होता.

आमची गाडी निळी, जुन्या मुंबईतल्या टॅक्सीच्या बांध्याची. परळच्या एका गिरणीतले विणकाम खात्याचे साहेब तिचे पहिले मालक आणि गुणाजी सावंत त्यांचे ड्रायव्हर. गिरणी बंद पडली, साहेब मुलाकडे परगावी निघाले आणि जाताना गाडीची चावी त्यांनी गुणाजींच्या हातात ठेवली. गुणाजींनी गाडी मुलुंडला आपल्या सोसायटीच्या आवारात आणली. त्यानंतरची वीस-बावीस वर्षे माझ्या खऱ्या वैभवाची. बाळंतिणी, नवरदेव, आजारी शेजारी, गणपतीची मूर्ती, गावाहून आलेली फणसांची पोती, या साऱ्यांना मी पेट्रोल ओढून ओढून इच्छित स्थळी पोहोचवले.

उन्हाळ्यात घाटकोपरच्या सिग्नलला गाडी अडकली की इंजिनाच्या धगीने माझ्यातल्या पेट्रोलची वाफ होई. वाफ मला ओढता येत नसे आणि गाडी आचके देऊन थांबे. मग गुणाजी उतरत, बॉनेट उघडत, बाटलीतल्या पाण्याने एक सुती फडके भिजवत आणि माझ्याभोवती गुंडाळत. ते फडके त्यांच्या पत्नीच्या, रुक्मिणीबाईंच्या, जुन्या लुगड्याचे असे. मागच्या गाड्या हॉर्न वाजवून रस्ता डोक्यावर घेत. गुणाजी त्यांना शांतपणे सांगत, "ह्याला ताप आलाय. उतरला की निघू." साऱ्या गाडीत थंड पाण्याच्या पट्ट्यांचा मान फक्त माझा होता.

शेवटच्या वर्षी गुणाजींनी मला स्वतःच्या हातांनी उघडले, नवा पडदा घातला, सहा स्क्रू आवळले आणि प्रत्येकावर लाल रंगाचा एकेक थेंब दिला. कोणी हात लावला तर कळावे, म्हणून. काही महिन्यांनी ते गेले. ते लाल ठिपके तेवढे राहिले.

पुढची अकरा वर्षे मी पूज्य झालो.

हे पूज्य होणे म्हणजे काय, ते नीट ऐका. वर्षभर गाडी ताडपत्रीखाली उभी राही. दसऱ्याच्या सकाळी रुक्मिणीबाई स्वतः खाली येत. गाडीला झेंडूचा हार, चाकांखाली लिंबे आणि बॉनेट उघडून मला हळदकुंकू. त्यांची नात अपूर्वा चावी फिरवी. गाडी धूर सोडत सुरू होई, दहा पावले पुढे जाई, लिंबे चिरडली जात, टाळ्या वाजत, आणि गाडी पुन्हा मागे येऊन ताडपत्रीखाली शिरे. माझ्या वाटीत उरलेले पेट्रोल पुढच्या दसऱ्यापर्यंत वाळून चिकट होई. शिवाय अलीकडच्या पेट्रोलमध्ये मद्यार्क मिसळलेला असतो. माझ्या जुन्या रबराला तो मानवत नाही. माझा पडदा आतून तडकू लागला होता. पण कपाळावर कुंकू असताना पोटाचा विचार कोण करतो?

मागच्या वर्षी सोसायटीने फळ्यावर नोटीस लावली. न चालणारी वाहने महिन्याभरात आवाराबाहेर काढावीत, नाहीतर ती भंगारात दिली जातील. रुक्मिणीबाई तडक सोसायटीचे सेक्रेटरी केतनभाई यांच्याकडे गेल्या आणि आमची गाडी दर दसऱ्याला चालते, असे त्यांनी ठणकावून सांगितले. केतनभाई गृहस्थ हसतमुख, पण नियमाचे पक्के.

"आजी, वर्षातून एकदा बाहेर येते ती गाडी नाय, बाप्पा आहे," ते म्हणाले. "बाप्पाला आपण मंडप देतो, पार्किंग नाय देत."

शेवटी असे ठरले की महिनाअखेरच्या रविवारी गाडीने आरे कॉलनीपर्यंत जाऊन स्वतःच्या बळावर परत यायचे. केतनभाई स्वतः मागच्या सीटवर बसणार. गाडी परत आली तर राहील. ओढून आणावी लागली तर भंगारात जाईल.

अपूर्वाने भांडुपच्या प्रबुद्ध मेकॅनिकला बोलावले. जुन्या गाड्या हाताळणारा, थोडक्यात बोलणारा माणूस. त्याने कार्बोरेटर उघडला आणि तो पार झिजल्याचे सांगितले; तसा आता मिळणार नाही, त्याऐवजी दोन नळ्यांचा मोठा बसवावा लागेल. खोटे कशाला बोलू, मला गुदगुल्या झाल्या. चाळीस वर्षे मिजास करणारा तो गडी एका पोत्यात गुंडाळला गेला. पण माझा आनंद क्षणभरच टिकला. प्रबुद्ध हात पुसत म्हणाला, "नवा जास्त पिणार. मग पंपाचं काय करायचं, ते बघायला लागेल."

त्याने दोन वाटा सांगितल्या. एक, मला उघडून आतला पडदा तपासायचा आणि नवा घालायचा. दुसरी, मला काढून विजेवर चालणारा छोटा पंप मागे टाकीजवळ बसवायचा. तिथे इंजिनाची धग पोहोचत नाही, म्हणून पेट्रोलची वाफ होत नाही, आणि तो ओढण्याऐवजी मागून ढकलतो. बोलता बोलता त्याने माझ्या पहिल्या स्क्रूला पेचकस लावला.

"तो उघडूचो नाय," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "ह्यांनी बंद केलेलो आसा."

"आजी, आत बघितल्याशिवाय कसं कळणार?"

"माका कळता. तू दुसरा काय ता बघ."

प्रबुद्धने पेचकस बाजूला ठेवला. माझ्यासाठी त्या बाईंनी मेकॅनिकला गप्प केले, या विचाराने मी फुलून गेलो. त्याच वेळी दुसऱ्या वाटेने माझा वैरी घरात येणार आहे, हे मला उमगलेच नाही.

प्रबुद्धने जाताना बजावले होते की पंप कमी जोराचा हवा. अपूर्वा हुशार मुलगी, पण जास्त जोर म्हणजे जास्त चांगले, असा तिचा समज झाला. तिने फोनवरून मागवला तो आजकालच्या गाड्यांच्या टाकीतला, दहापट जोराचा. तो आला तेव्हा तिने त्याचे फोटो काढले. रुक्मिणीबाईंनी त्याला पाटावर ठेवून हळदकुंकू वाहिले. माझ्या डोळ्यांदेखत. अकरा वर्षे जे कुंकू एकट्या माझे होते, त्याच करंडातले. गुळगुळीत, चंदेरी, एका ओरखड्याचीही कमाई नसलेला तो! मला इंजिनावरून उतरवले, माझ्या जागी पत्र्याची पट्टी ठोकली आणि मला टायरजवळ जमिनीवर ठेवले. मत्सर म्हणजे काय, ते मला त्या दुपारी कळले. त्याआधीचा नुसता रुसवा होता.

प्रबुद्धला दुसऱ्या कामामुळे उशीर झाला होता आणि अपूर्वाने त्याची वाट पाहिली नव्हती. ओळखीच्या वायरमनकडून तिने तारा जोडून घेतल्या होत्या. प्रबुद्ध फाटकातून आत येत असतानाच तिने चावी फिरवली. नवा पंप घुमला आणि पेट्रोल इतक्या जोराने आले की प्रबुद्धने आधीच बसवलेल्या नव्या कार्बोरेटरच्या माथ्यावरून उसळून इंजिनावर वाहू लागले.

"चावी बंद कर. गाडीपासून लांब हो," प्रबुद्ध म्हणाला. आवाज चढवला नाही, पण अपूर्वाने झटकन चावी बंद केली आणि उतरून बाजूला झाली.

ठिणगी पडली नाही, हे साऱ्यांचे नशीब. त्याने वाळू टाकली, बॅटरीची तार काढली आणि मग तिला समजावले, "अगं, कार्बोरेटर म्हणजे तान्हं बाळ. त्याला वाटी-चमच्यानं पाजायचं असतं. तू नळाखाली धरलंस."

आणि मी? त्या मुलीचा जीव थोडक्यात वाचला होता आणि मी टायरजवळ पडल्या पडल्या हसत होतो.

रुक्मिणीबाईंनी हुकूम सोडला की ते चांदीचे खेळणे काढा आणि ह्यांचा पंप पुन्हा लावा. प्रबुद्धने परत एकदा पडद्याची आठवण करून दिली. बाईंनी परत एकदा लाल ठिपक्यांकडे बोट दाखवले. मी विजयी होऊन माझ्या जागी बसलो. नवा कार्बोरेटर माझ्याकडे घास मागू लागला आणि मी तो देऊ लागलो. चार दिवस अपूर्वाने मुलुंडमधल्या मुलुंडमध्ये गाडी फिरवली. "म्हातारा चालला की गं," असे ती स्टिअरिंगवर थाप मारत म्हणे. थाप स्टिअरिंगला आणि शब्द मला.

मित्रांनो, आता जे सांगतो ते सांगताना मान खाली जाते. दुसऱ्याच दिवशी मला कळले होते की माझा पडदा फाटला आहे. त्या फटीतून पेट्रोल थेंबाथेंबाने खाली, थेट इंजिनाच्या तेलात उतरत होते. तेल पातळ झाले की इंजिनाचे भाग एकमेकांवर घासून झिजतात. असे इंजिन फार दिवस जगत नाही. मी थोडा ढिला पडलो असतो, कार्बोरेटरला उपाशी ठेवले असते, तर प्रबुद्धला संशय आला असता. मी उलट अधिक जोर लावला. माझ्या जागी पुन्हा तो घुमणारा येऊ नये, एवढ्यासाठी. ज्याच्या श्वासावर माझे जगणे, त्याच्याच पोटात मी विष कालवत होतो.

ठरलेल्या रविवारच्या आठ दिवस आधी प्रबुद्ध, अपूर्वा आणि रुक्मिणीबाई आरेपर्यंत चाचणीला निघाले. गोठ्यांच्या आधीच्या चढावर तेलाचा लाल दिवा लुकलुकला. प्रबुद्धने गाडी झाडाखाली घ्यायला लावली, बॉनेट उघडले आणि तेल मोजायची पट्टी बाहेर ओढली. मला पुन्हा बसवले तेव्हा तेल खुणेवर होते. आता ते खुणेच्या बोटभर वर गेले होते.

"तेल वाढलंय," तो हळूच म्हणाला.

रुक्मिणीबाई खिडकीतून म्हणाल्या, "वाढला तर बराच झाला मां. कमी तर नाय झाला."

प्रबुद्धने पट्टी त्यांच्या नाकाजवळ धरली. पन्नास वर्षे ड्रायव्हरच्या घरात काढलेल्या बाईंना तो वास ओळखायला वेळ लागला नाही. तेलाला पेट्रोलचा वास येत होता.  म्हशींचा एक कळप संथपणे रस्ता ओलांडून गेला.

मग त्या गाडीतून उतरल्या, बॉनेटपाशी आल्या आणि म्हणाल्या, "उघड त्येका."

"इथंच?"

"हयच. माझ्यासमोर."

प्रबुद्धने एकेक स्क्रू सोडवला आणि लाल रंगाचे सहा कपचे रस्त्यावर पडले. त्याने माझा पडदा उजेडासमोर धरला. एका कडेने तो नखाएवढा फाटला होता आणि फटीतून झाडांमधले ऊन दिसत होते. मी इतका उघडा कधीच पडलो नव्हतो. मला वाटले, आता बाई मला गटारात फेकतील.

त्या अपूर्वाला म्हणाल्या, "ह्यो दरवर्षी उघडून बघितलो असतो तर फाटलो नसतो. मी नुसता कुंकू लावीत बसलंय. चूक ह्येची नाय, माझी आसा."

आयुष्यात त्या बाईंनी चूक कबूल केलेली मी ऐकली नव्हती. आणि आता त्यांनी माझ्या वाटणीची चूकही आपल्या माथी घेतली होती. कारण तडकलेला पडदा ही त्यांची चूक असेल, पण फाटल्यावर गप्प राहणे ही माझी होती, आणि ती मला कोणालाही सांगता येत नव्हती.

पुढच्या दोन दिवसांत प्रबुद्धने इंजिनातले तेल बदलले आणि आपल्या हाताने निवडून दुसरा विजेचा पंप आणला. हा लहान, काळा, साधा. जोर जेवढा हवा तेवढाच. त्याची तार त्याने तेलाच्या दाबाशी जोडली. इंजिन बंद पडले किंवा तेलाचा दाब गेला की पंपही आपोआप थांबेल, म्हणजे अपघातातही पेट्रोल सांडत राहणार नाही. चालू झाला की तो टकटक असा आवाज करी, म्हणून मी त्याचे नाव टकटक्या ठेवले. मनातल्या मनात त्याला याहून वाईट नावेही ठेवली, ती तुम्हाला सांगण्याजोगी नाहीत.

माझ्यात प्रबुद्धने नव्या पेट्रोलला टिकणारा नवा पडदा घातला. अपूर्वाच्या मनात मला काचेच्या कपाटात, आजोबांच्या फोटोशेजारी ठेवायचे होते. रुक्मिणीबाईंनी एका वाक्यात तो बेत मोडला.

"कपाटात नको. डिकीत ठेव, हत्यारांबरोबर. गाडी अडली तर ह्यो कामाक येयत."

अशा रीतीने मी डिकीत आलो. आणि मित्रांनो, टकटक्या कुठे बसला होता ठाऊक आहे? टाकीजवळ. म्हणजे डिकीच्या पत्र्याच्या पलीकडे, माझ्यापासून वीतभर अंतरावर.

ठरलेल्या रविवारी दुपारी गाडी निघाली. अपूर्वा चालवत होती, शेजारी रुक्मिणीबाई, मागे केतनभाई. प्रबुद्ध बरोबर नव्हता. सोसायटीतली निम्मी माणसे गॅलरीत उभी होती. मी प्रत्येक टक मोजत होतो. एखादी चुकावी, अशी माझी तीव्र इच्छा होती. तो थांबेल, अपूर्वा डिकी उघडेल आणि मला हातात घेईल, हे चित्र मी मनात शंभरदा रंगवले होते.

केतनभाईंनी विचारले, "आजी, ही टकटक कसली मागे?"

"नवीन पंप. जुनो डिकीत आसा, बसलो आसा ऐकत," रुक्मिणीबाई म्हणाल्या.

आरेच्या चढावर पुढची बस बंद पडली आणि आम्ही ऐन उन्हात वीस मिनिटे अडकलो. एवढ्या वेळात मी केव्हाच वाफ ओढू लागलो असतो. टकटक्याची लय मात्र तशीच होती. मग बस हलली, अपूर्वाने पहिला गिअर टाकला, गाडी चढावर रेटली आणि टकटक्या एकाएकी मंदावला. एक टक. मग शांतता. माझी इच्छा पुरी होण्याच्या बेतात होती. आणि मला दिसल्या त्या पुढच्या सीटवर दोन्ही हातांनी पर्स घट्ट धरून बसलेल्या रुक्मिणीबाई, दिसले ते भंगारवाल्याचे फाटक, दिसले ते इंजिन, ज्याला मी एकदा फसवले होते.

"थांबू नकोस," मी त्याला म्हणालो. त्याच्याशी बोललेला तो माझा पहिला शब्द. "थांबू नकोस रे. ढकल."

तो थांबला नव्हताच. कार्बोरेटरचे पोट भरले की तो घटकाभर विसावा घेतो आणि भूक लागली की पुन्हा सुरू होतो. त्याची रीतच तशी आहे. टक, टक, टक. गाडी चढ चढून गेली, वळली आणि मुलुंडला परत आली. केतनभाईंनी उतरून फळ्यावरच्या यादीतले आमच्या गाडीचे नाव स्वतः पुसले.

आता दर रविवारी ती बाहेर पडते आणि दर सहा महिन्यांनी प्रबुद्ध सारे उघडून पाहतो, मलासुद्धा. मित्रांनो, तुमच्या घरात एखादी जुनी वस्तू असेल, तर तिला नुसता नमस्कार करू नका. तिला वापरा, आणि उघडून पाहायला भिऊ नका. मान राखण्याच्या नावाखाली तिचे दुखणे झाकू नका. आणि तुम्ही स्वतः कधी माझ्यासारखे आतून फाटलात, तर जागा जाईल या भीतीने गप्प राहू नका. हे मी विनंती म्हणून सांगत नाही, बजावतो आहे.

राहता राहिला माझा मत्सर. तो गेलेला नाही आणि या वयात जाणारही नाही. टकटक्याचा आवाज आजही मला खटकतो. पण चढ आला की मी कान देऊन ऐकतो, आणि त्याची टक जरा लांबली की माझाच जीव टांगणीला लागतो.